कोकणातील सोडून दिलेले लोहमार्ग: पायी भटकंती आणि जुन्या रेल्वेच्या वस्तू – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वापरातून गेलेल्या लोहमार्गाच्या कडेने चालावे, जुने पूल, मोऱ्या (रुळांखालून पाणी जाण्यासाठी बांधलेले लहान पूल), रूळ पाहावेत, अशी हौस असणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांब आहेत, कारण विषयच तसा आहे. काही एका वाक्यात संपतात.

कोकणात सोडून दिलेले लोहमार्ग खरोखर आहेत का?

आहेत, परंतु बहुतेक जण ज्या भागात ते शोधतात तेथे नाहीत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत रेल्वे आली तीच मुळात अगदी अलीकडे. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० साली झाली आणि रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. त्याआधी मुंबईहून येणारी रेल्वे १९८६ मध्ये रोह्यापर्यंत पोहोचून तेथेच थांबली होती, आणि त्याहीपूर्वी दक्षिण कोकणातल्या चाकरमान्याला बोट किंवा एसटी याशिवाय तिसरा मार्ग नव्हता. त्यामुळे राजापूर किंवा कणकवलीच्या बाजूला कोणी ‘जुनी लाईन’ दाखवू लागले, तर ती कोकण रेल्वेच्या बांधकामाच्या वेळी माल वाहण्यासाठी काढलेली कच्ची वाट असण्याचीच शक्यता अधिक असते. तीही पाहण्यासारखी असते, पण तिच्यावरून गाडी कधी धावलेली नसते.

खऱ्या सोडून दिलेल्या मार्गिका उत्तरेला, म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशी, घाटांच्या उतारावर आणि मुंबई बेटांवर आहेत. त्यांत बोरघाटाचा जुना मार्ग सर्वांत महत्त्वाचा. दक्षिणेला गोव्यात मीटरगेजच्या, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या मार्गाच्या, काळातील अवशेष आहेत.

बोरघाटाचा जुना मार्ग कोणता आणि तो का सोडून दिला?

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यानंतरची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. १८५६ मध्ये रूळ घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत आले, १८५८ मध्ये घाटमाथ्यावर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची लाईन सुरू झाली, आणि मधला घाट रिकामाच राहिला. पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरत आणि डोलीने, तट्टावरून किंवा पायी घाट चढून पुन्हा गाडीत बसत. खोपोलीची आजची लोकल त्याच जुन्या फाट्यावर धावते, ही गोष्ट तिच्यातून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल, कोण जाणे.

घाटातील मार्ग एप्रिल १८६३ मध्ये सुरू झाला. मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांनी आखलेला हा मार्ग सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढत होता. त्यावर २५ बोगदे आणि ८ कमानी पूल होते. कामावर एका वेळी ४२,००० पर्यंत मजूर होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल कोकणात उतरल्यानंतर थोड्याच दिवसांत मरण पावले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ते कंत्राट पुढे चालवले. एकोणिसाव्या शतकात घाटातल्या रेल्वेचे कंत्राट एका बाईच्या नावावर असावे, याचे नवल आजही वाटते.

या मार्गाचे वैशिष्ट्य म्हणजे खंडाळ्याखालचे रिव्हर्सिंग स्टेशन. डोंगराची सोंड इतकी अरुंद होती की तिच्यावर गाडी वळवून घेण्याएवढे वळण बसेना. म्हणून गाडी सोंडेच्या टोकाशी आणून थांबवीत, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावीत आणि आलेल्या दिशेच्या उलट दिशेने पुढचा चढ सुरू होई. ही युक्ती आखूड गाड्यांसाठी ठीक होती. गाड्या लांब आणि जड होत गेल्या तशी ती जागा अपुरी पडू लागली, प्रत्येक गाडीचा वेळ वाया जाऊ लागला, आणि विद्युतीकरणाच्याच सुमारास, १९२९ मध्ये, नवे बोगदे काढून हे स्टेशन वगळण्यात आले. आज अमृतांजन पॉइंटच्या परिसरात जुन्या बांधकामाचे अवशेष दिसतात. येथे एक घोटाळा नेहमी होतो: ज्याला अमृतांजन पूल म्हणत, तो १८३० सालचा पूल रस्त्याचा होता, रेल्वेचा नव्हे, आणि तो एप्रिल २०२० मध्ये पाडण्यात आला.

पळसदरी ते खंडाळा रुळांवरून चालत जाता येते, असे ऐकले आहे. जावे का?

जाऊ नये. तो सोडून दिलेला मार्ग नाही. देशातील अत्यंत वर्दळीच्या घाटमार्गांपैकी एक आहे. वळणावर आणि बोगद्यात गाडी दिसण्याआधी ऐकू येईलच असे नाही, आणि घाट उतरणारी विजेची गाडी फारसा आवाजही करीत नाही. शिवाय रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ नुसार परवानगीवाचून रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

या संदर्भात एका गोष्टीचा इशारा मुद्दाम द्यावासा वाटतो. घाटात मुख्य लाईनपासून फुटून डोंगराकडे चढत जाणारा आणि मध्येच संपणारा गंजका, गवत वाढलेला फाटा दिसतो. पाहणाऱ्याला तो हमखास ‘सोडून दिलेली लाईन’ वाटतो. प्रत्यक्षात ती कॅच सायडिंग असते. उतारावर ब्रेक निकामी होऊन गाडी सुटली, तर तिला अडवण्यासाठी तो चढाचा फाटा राखलेला असतो, आणि उतरणारी गाडी आटोक्यात असल्याची खात्री पटेपर्यंत सांधा, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारी रुळांची जोडणी, त्याच दिशेला लावलेला असतो. वर्षानुवर्षे त्यावर चाक फिरत नाही म्हणून रुळांना गंज चढतो. पण ज्या दिवशी फिरेल त्या दिवशी तेथे कोणी उभे नसावे.

मग घाटातील जुन्या खुणा पाहायच्या कशा?

तीन मार्ग आहेत. पहिला, गाडीतूनच: दिवसा घाट चढणाऱ्या गाडीत खिडकीशी बसून. दुसरा, कुरवंडे गावाकडून नागफणीच्या सुळक्यावर चढून: तेथून घाटाची सारी रचना, म्हणजे सोंडा, दऱ्या आणि त्यांना बिलगलेले लोहमार्ग, नकाशा उलगडल्याप्रमाणे खाली दिसते, आणि रिव्हर्सिंग स्टेशनची गरज का पडली हे पुस्तकापेक्षा तेथे लवकर समजते. तिसरा, रेल्वेच्या चालू हद्दीबाहेर राहिलेल्या अवशेषांपर्यंत वनखात्याची किंवा जमीनमालकाची परवानगी काढून जाणे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वाहन थांबवून उतरणे हा चौथा मार्ग नव्हे. तेथे थांबण्यास मनाई आहे.

रूळ उचलून नेलेले असतील तर लाईन कुठून गेली होती हे कसे ओळखावे?

रूळ हा लोहमार्गाचा सर्वांत आधी नाहीसा होणारा भाग आहे. लोखंडाला किंमत असते, त्यामुळे ते पहिल्यांदा जाते. मातीकाम मात्र शतकभर टिकते, आणि माग काढायचा तो त्याचाच.

पहिली खूण चढाची. बैलगाडीचा रस्ता किंवा पाऊलवाट टेकाड आले की सरळ चढते आणि ओढा आला की खाली उतरते. रेल्वेला हे परवडत नाही. बोरघाटात आणि कसारा घाटात सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर चालल्यावर एक मीटर वर, एवढाच होता, आणि तोही त्या काळी धाडसाचा मानला गेला. म्हणून टेकाड आले की खोदाई आणि सखल भाग आला की भराव, असा क्रम सतत दिसतो. डावीकडे उजवीकडे जमीन वरखाली होत असताना आपल्या पायांखालची वाट मात्र एकाच संथ चढाने जात आहे, असे दहा-पंधरा मिनिटे जाणवले, तर शंकेला जागा आहे. वळणांचेही तसेच: रेल्वेचे वळण लांब आणि एकसारखे असते, त्यात अचानक काटकोन येत नाही.

दुसरी खूण मोऱ्यांची. भरावावरून चालताना खाली ओढा गेलेला दिसला की उतरून मोरीचे तोंड पाहावे. घडीव काळ्या दगडाचे सांधे, चुन्याचा दर्जा, कमानीच्या मध्यभागीचा किल्लीचा दगड आणि दोन्ही बाजूंना तिरप्या गेलेल्या भिंती, असे काम गावच्या रस्त्यासाठी सहसा कोणी करीत नसे. तिसरी खूण खडीची. एकाच मापाची फोडलेली काळी खडी मातीत मुरलेली सापडली आणि आसपास कोठे डांबरी रस्ता नसला, तर ती गाडीवाटेची नाही. उत्तर कोकणात जमीनच काळ्या दगडाची असल्याने ही खूण फसवी ठरते. जांभ्याच्या प्रदेशात मात्र काळी खडी लांबूनच वेगळी दिसते.

नकाशे कोणते वापरावेत?

सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे आणि उपग्रह-छायाचित्रे एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांचे खंड रेल्वेचे वर्णन बारकाईने देतात. जमीन आज कोणाची हे सातबारावरून कळते, आणि ते निघण्यापूर्वी पाहावे.

कोणत्या जुन्या वस्तू पाहायला मिळतात आणि त्या कशा ओळखाव्यात?

सर्वांत बोलकी वस्तू म्हणजे रूळच. रुळाच्या उभ्या कण्यावर, म्हणजे डोके आणि तळ यांच्या मधल्या सपाट भागावर, कारखान्याचे नाव, वर्ष आणि वजनाचा किंवा छेदाचा आकडा उठावाच्या अक्षरांत लाटलेला असतो. गंजामुळे ही अक्षरे समोरून दिसत नाहीत. विजेरी रुळाला जवळजवळ टेकवून आडवी धरली की अक्षरांची सावली पडते आणि वाचता येते. तारेचा ब्रश, रॉकेल किंवा सँडपेपर यांपैकी काहीही लावू नये. गंजाच्या थराबरोबर अक्षराची कडही जाते. मात्र रुळावरचे वर्ष हे लाईनचे वर्ष नव्हे. मुख्य मार्गावर झिजलेला रूळ फाट्यावर आणि फाट्यावरचा कुंपणावर, असा त्याचा उतरता प्रवास होत असतो.

छेदाकडेही पाहावे. आजचा रूळ खाली रुंद आणि सपाट असतो. सुरुवातीच्या काळातला दुतोंडी रूळ मात्र वर आणि खाली सारख्याच आकाराचा असे. वरचे डोके झिजले की रूळ उलटा करून दुसरी बाजू वापरायची, अशी काटकसरीची कल्पना त्यामागे होती. ती फसली, कारण ज्या ओतीव लोखंडी बैठकीत रूळ बसवीत, तिच्यात आपटून आपटून खालच्या डोक्याला आधीच खाचा पडत.

त्यानंतर पॉट स्लीपर. स्लीपर म्हणजे रुळांखालचा आडवा आधार. पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखे ओतीव लोखंडाचे दोन भाग आणि त्यांना जोडणारी लोखंडी पट्टी, अशी त्याची रचना असते. वरच्या भोकांतून आत खडी ठासता येई. लाकडी स्लीपरला आपल्याकडची वाळवी आणि पावसाळा टिकू देत नसे, म्हणून भारतात हा प्रकार मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. मातीतून वर आलेली गोलाकार कड पाहून अनेक जण त्याला जुने भांडे किंवा तोफगोळ्याचा तुकडा समजतात. याशिवाय फिशप्लेटी (दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या), डॉग स्पाइक (रूळ लाकडी स्लीपरवर ठोकण्याचे खिळे), तारयंत्राच्या खांबांचे चिनी मातीचे इन्शुलेटर आणि मैलांचे दगड आढळतात. मैलाचा आकडा असलेला दगड दशमान पद्धती येण्याच्या आधीचा, एवढे निश्चित समजावे.

एक गोष्ट अनुभवी मंडळीही विसरतात: उत्तम जुने लोखंड रानात नसून चालू स्टेशनांत असते. कुंपणाचे खांब, मालधक्क्याच्या छपराचे आधार आणि फाटकाजवळचे अडसर हे बहुधा जुने रूळच असतात. फलाटाच्या ओतीव खांबांवर कारखान्याचे नाव रंगाच्या थरांखाली दबलेले असते. फलाट तिकीट काढून आणि फोटोपूर्वी स्टेशनमास्तरांना विचारून हे सारे निवांत पाहता येते, काट्याकुट्यांत न शिरता.

सापडलेली वस्तू घरी नेता येईल का? ती तर वर्षानुवर्षे तशीच पडलेली आहे.

नेता येणार नाही. लाईन बंद झाली म्हणून मालकी संपत नाही. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायदा, १९६६ नुसार रेल्वेची वस्तू बेकायदेशीरपणे जवळ बाळगण्याच्या पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ती कायदेशीरपणे मिळाल्याचे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. पिशवीत सापडलेल्या एका डॉग स्पाइकसाठी कोणी इतके ताणणार नाही असे वाटणे साहजिक आहे. पण रेल्वे सुरक्षा दलाच्या (आरपीएफ) जवानापुढे भंगारचोर आणि हौशी अभ्यासक एकसारखेच दिसतात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होऊ शकतो, आणि तशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत.

कायद्याखेरीज दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. भरावाच्या कडेला पडलेली फिशप्लेट तेथे असेपर्यंत रूळ कोणत्या जातीचा होता, दोन रुळांचा जोड कुठे होता, लाईन एकेरी होती की दुहेरी, हे सांगू शकते. दिवाणखान्यातल्या फळीवर तीच फिशप्लेट केवळ लोखंडाचा एक तुकडा असते.

मेटल डिटेक्टर घेऊन फिरण्याबद्दलही बरेच जण विचारतात. खणल्याने भरावाचे नुकसान होते आणि गावात गुप्तधनाची अफवा उठते. ती अफवा उठल्यावर पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या जागेची काय दशा होते, हे वेगळे सांगायला नको.

ज्यांना वस्तू जवळ बाळगायचीच आहे, त्यांनी काय करावे?

रेल्वेचे भंगार अधिकृत ई-लिलावाने विकले जाते, पण तो व्यवहार टनांत चालतो. जुन्या बाजारातून दिवा, घंटा किंवा फलक घेतल्यास पावती आणि मूळ लिलावाचा कागद मागावा. कागद नसेल तर वस्तू कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी.

नोंद कशी ठेवावी?

वस्तूचा फोटो आधी आहे त्या स्थितीत, दुरून, आसपासच्या जमिनीसह घ्यावा. मग मोजपट्टी शेजारी ठेवून जवळून. रुळाची उंची, डोक्याची रुंदी आणि तळाची रुंदी मिलिमीटरमध्ये लिहावी. दोन्ही रूळ जागेवर असतील तर आतल्या कडांमधील अंतर मोजावे: १,६७६ मिलिमीटर म्हणजे ब्रॉडगेज, १,००० म्हणजे मीटरगेज, आणि ६१० म्हणजे माथेरानच्या गाडीचा नॅरोगेज. अक्षरे वाचता आली तेवढीच लिहावीत. न दिसलेले अक्षर अंदाजाने भरू नये. नेमके अक्षांश-रेखांश आपल्या वहीत असावेत, समाजमाध्यमांवर नसावेत, कारण ते वाचणाऱ्यांत भंगारवालेही असतात.

कोणत्या महिन्यांत जावे?

डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात भराव खचतात, मोऱ्या तुंबतात आणि साचलेल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत डोक्याएवढे असते आणि खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात. तिचा अनुभव एकदा आलेला माणूस दुसऱ्यांदा तारीख विचारीत नाही. मार्चनंतर ऊन आणि वणवे.

साप, विंचू आणि मधमाश्यांपासून कोणती काळजी घ्यावी?

उलथलेले स्लीपर आणि खडीचे ढीग ही फुरशांची आणि विंचवांची आवडती जागा आहे. म्हणून कोणतीही वस्तू हाताने उचलू नये, दगडाखाली बोटे घालू नयेत आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट घालावेत. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळून बांधू नये, तो अवयव हलू न देता रुग्णाला लसीची सोय असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे. कोकणातला लाल विंचू एके काळी जीवघेणा ठरत असे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केल्यानंतर मृत्यूंचे प्रमाण फार घटले, पण औषध वेळेवर मिळाले तरच. कमानी पुलांखाली आग्या मधमाश्यांची पोळी असतात. तेथे धूम्रपान, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा.

बंद बोगद्यात शिरावे का?

तोंडाशी उभे राहून पाहावे, आत जाऊ नये. छताचे दगड सुटलेले असतात, आणि वटवाघळांना त्रास देण्याचे काही कारण नाही.

मुंबईत काही उरले आहे का?

फारच थोडे. ट्रॉम्बेहून कुर्ल्यामार्गे अंधेरीला जाणारी सुमारे १३ किलोमीटरची साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे १९२८ मध्ये सुरू होऊन १९३४ मध्ये बंद झाली. तिची जागा विमानतळाने आणि वस्तीने इतकी पूर्ण गिळली आहे की तिचा माग नकाशावरच काढावा लागतो. बंदराची रेल्वे १९१५ पासूनची. गोदी भागातील काही रस्त्यांत तिचे रूळ अजून रुतलेले दिसतात. सार्वजनिक रस्त्यावरून दिसतील तेवढे पाहावेत, गोदीच्या हद्दीत परवान्याशिवाय प्रवेश नाही.

गोव्याच्या बाजूला?

मुरगावहून घाट चढणारी पोर्तुगीज काळातील लाईन मीटरगेजची होती आणि १९९० च्या दशकात तिचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. मार्ग चालू असल्याने दूधसागरकडे रुळांवरून चालत जाण्यास रेल्वेने मनाई केली आहे, आणि २०२३ च्या पावसाळ्यात ती मोडणाऱ्यांना उठाबशा काढाव्या लागल्या. मडगावला कोकण रेल्वेच्या ‘स्कायबस’चा, म्हणजे उंच मार्गाखाली लटकून धावणाऱ्या गाडीचा, सुमारे १.६ किलोमीटरचा चाचणीमार्ग होता. २००४ मधील अपघातानंतर प्रकल्प मागे पडला आणि २०१३ मध्ये तो मार्ग उतरवण्यात आला. सोडून दिलेला लोहमार्ग शंभर वर्षे जुनाच असतो असे नाही.

गावात कोणाला विचारावे?

निवृत्त गँगमन किंवा चावीवाला, म्हणजे रुळांची देखभाल आणि तपासणी करणारा कामगार, भेटला तर आपले नशीब. मुकादमाच्या हाताखाली ज्याने रोज ठरलेली हद्द पायी तपासली आहे, त्याला जुना फाटा कोठे होता, कोणत्या मोरीला गावात काय नाव आहे, कोणत्या साली दरड कोठे आली, हे तोंडपाठ असते. घाटाखालच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांतील वडीलधारी मंडळी वाटा उत्तम जाणतात. त्यांना सोबत नेल्यास ठरवून मजुरी द्यावी. प्रथम पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटून आपण कोण, कशासाठी आलो, हे सांगावे, आणि ‘रेल्वेचे काही जुने सामान आहे का’ असा प्रश्न चुकूनही विचारू नये. त्याने माणसे गप्प होतात. ‘गाडी पूर्वी कुठून जायची’ असे विचारावे.